लॉ सोसायटीचं 'फाइंड अ सॉलिसिटर', टीए फॉर्म आणि बाकीचे कागद : रेडिंगला घर घेतल्यानंतरचा रिव्ह्यू

आम्ही इंग्लंडात रेडिंगला तीन बेडरूमचं सेमी, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याला लागून असलेलं घर, घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये ऑफर मान्य झाली आणि किल्ल्या मिळाल्या ऑक्टोबरात, म्हणजे सहा महिन्यांच्या वर गेले. त्या सहा महिन्यांत मी घराच्या भिंतींपेक्षा कागदच जास्त बघितले, आणि त्यातल्या बऱ्याच कागदांच्या खाली एकच नाव होतं, द लॉ सोसायटी. आपल्याकडच्या लोकांनी त्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. तेव्हा कोणीतरी हे आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने आणि साडेतीनशे पौंड वाचले असते, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते कारण मीही इथेच चुकले. लॉ सोसायटी म्हणजे सरकारी ऑफिस नाही आणि तक्रार खिडकीही नाही. ही इंग्लंड आणि वेल्समधल्या सॉलिसिटर लोकांची, म्हणजे घराचे दस्त, मृत्युपत्र असली कामं करणाऱ्या वकिलांची संघटना आहे, १८२५ सालची, लंडनला चान्सरी लेनवर बसते. स्कॉटलंडची वेगळी, नॉर्दर्न आयर्लंडची वेगळी, बॅरिस्टर लोकांची बार काउन्सिल वेगळी. पूर्वी वकिलांची बाजू मांडणं आणि वकिलांवर नजर ठेवणं ही दोन्ही कामं हीच संस्था करायची, पण २००७ पासून नजर ठेवायचं काम सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे (एसआरए) वेगळं काढलं, आणि ग्राहकाच्या तक्रारी २०१० पासून लीगल ऑम्बड्समनकडे जातात. मुंबईच्या लोकांना सॉलिसिटर शब्द नवीन नाही, फोर्टात बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी अजून सॉलिसिटरची परीक्षा घेते, पण माझ्यासारख्या सांगलीच्या माणसाला वकील म्हणजे वकील, त्यामुळे कोण कुठे हे समजायलाच वेळ गेला.

आमची सुरुवात वाईट झाली. ऑफर मान्य झाल्याच्या दुसऱ्या दिवशी इस्टेट एजंटचा फोन, आमच्याकडे एक चांगली फर्म आहे, विक्रेता पण खूश होईल, लवकर होईल. आम्ही हो म्हणलं. नंतर त्या फर्मच्या पत्रात बारीक अक्षरात दिसलं की आमचं काम पाठवल्याबद्दल ती फर्म एजंटला रेफरल फी देणार होती. हे सांगणं नियमानं बंधनकारक आहे आणि त्यांनी सांगितलंही होतं, आम्ही वाचलं नव्हतं. सहा आठवड्यांत आमची फाइल तीन माणसांच्या हातून गेली, फोन लागायचा तो कॉल सेंटरला, आणि प्रत्येक नवीन माणूस मला पासपोर्टची कॉपी पुन्हा मागायचा. मी वैतागून लॉ सोसायटीला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की आम्ही तक्रार घेत नाही, आधी फर्मकडे लेखी तक्रार करा, त्यांना आठ आठवडे द्या, समाधान नाही झालं तर ऑम्बड्समन, आणि अप्रामाणिकपणाचा संशय असेल तर एसआरए. तेव्हा मला राग आला होता, आता वाटतं की तिने दोन मिनिटांत जे सांगितलं ते मला फर्मनं सहा आठवड्यांत सांगितलं नव्हतं.

त्याच रात्री मी 'फाइंड अ सॉलिसिटर' ही लॉ सोसायटीच्या साइटवरची सॉलिसिटर लोकांची यादी उघडली. फुकट आहे, अकाउंट लागत नाही, पोस्टकोड टाकायचा, कामाचा प्रकार निवडायचा, आणि कोणती भाषा बोलतात त्यावरूनही शोधता येतं. घरातल्या मोठ्यांचं मृत्युपत्र किंवा व्हिसाचं काम असेल आणि त्यांना इंग्रजी जड जात असेल तर हे फार कामाचं आहे. माहिती खात्रीची असते, म्हणजे समोरचा माणूस खरंच रजिस्टर्ड सॉलिसिटर आहे ना एवढं तरी पक्कं कळतं. पण यात रिव्ह्यू नाहीत, स्टार नाहीत, फी दिसत नाही. फीसाठी प्रत्येक फर्मच्या साइटवर जावं लागतं, २०१८ च्या शेवटापासून एसआरएच्या नियमानं घरखरेदीची फी साइटवर टाकणं सक्तीचं आहे, त्यामुळे मिळते, फक्त पाच टॅब उघडून वहीत लिहावं लागतं. आणखी एक, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर म्हणून इथे वेगळा व्यवसाय आहे. घराचे दस्त करायची सॉलिसिटर लोकांची मक्तेदारी १९८५ च्या कायद्यानं मोडली तेव्हा तो निर्माण झाला, त्यांची स्वतःची काउन्सिल आहे, आणि ते लोक या यादीत दिसत नाहीत. म्हणजे ही यादी पूर्ण बाजार नव्हे, एका व्यवसायाची यादी आहे, एवढं लक्षात ठेवून वापरा. माझ्याकडून पाचपैकी चार.

मी फिल्टर लावला तो सीक्यूएसचा, कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम. लॉ सोसायटीनं २०११ मध्ये काढलेला हा शिक्का आहे, आणि हा शिक्का असला म्हणजे काम उत्तमच होईल असं नाही, कारण आमच्या पहिल्या फर्मकडेही तो होता. मग त्याचा उपयोग काय? उपयोग बँकेकडे आहे. इथे तुमचा सॉलिसिटर एकाच वेळी तुमचाही असतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेचाही, आणि बँकेच्या पॅनलवर, म्हणजे बँकेनं मान्य केलेल्या फर्मांच्या यादीत, नसलेली फर्म घेतली तर बँकेचा वेगळा वकील आणि त्याची वेगळी फी. बऱ्याच बँका पॅनलसाठी सीक्यूएस बघतात. २०१२ च्या सुरुवातीला एचएसबीसीनं घरकर्जासाठी फक्त ४३ फर्मांचं पॅनल ठेवलं होतं, लॉ सोसायटीनं त्याला उघड विरोध केला आणि पुढे बँकेला पॅनल मोठं करावं लागलं. गावातली छोटी फर्म आज माझ्यासारखीचं काम घेऊ शकते त्यामागे असल्या भांडणांचा हात आहे. आमची दुसरी सॉलिसिटर अशाच चार माणसांच्या ऑफिसातली, फोन स्वतः उचलायची.

आता फॉर्म. माझ्या मते लॉ सोसायटीचं खरं प्रॉडक्ट हेच आहे आणि याला मी पाचपैकी पाच देते, काही कुरबुरी असूनही. टीए६ हा विक्रेत्यानं भरायचा फॉर्म, टीए१० मध्ये घरात काय ठेवून जाणार ते, पडदे, ओव्हन, बागेतलं शेड, अगदी दिव्याचे होल्डर, फ्लॅट असेल तर टीए७. टीए म्हणजे ट्रान्सअॅक्शन, १९९० मध्ये लॉ सोसायटीनं घरव्यवहाराचा प्रोटोकॉल काढला त्याचं नाव. इथे विक्रेत्यानं आपणहून घराचे दोष सांगायची पद्धत नाही, घेणाऱ्यानं विचारायचं, आणि हा फॉर्म म्हणजे आपल्या वतीनं विचारलेले प्रश्न. हद्दी कोणाच्या, शेजाऱ्याशी भांडण झालंय का, पाणी भरलं होतं का, रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू) आहे का, जॅपनीज नॉटवीड आहे का.

हे नॉटवीड म्हणजे एक रानटी झुडूप, पाया नि फरशी फोडतं या समजानं बँका घाबरतात. २०२३ मध्ये लंडनच्या रेन्स पार्कमधल्या एका घराची केस गाजली होती, विक्रेत्यानं टीए६ वर नॉटवीडसमोर 'नाही' लिहिलं, नंतर झुडूप निघालं, आणि त्याला नुकसानभरपाई आणि कोर्टखर्च मिळून २ लाख पौंडांच्या वर भुर्दंड बसला. म्हणजे हा कागद नुसता भरायला नाही, त्यातलं एक उत्तर एवढं महाग पडू शकतं. माझा आग्रह आहे की सॉलिसिटरनं पाठवलेला टीए६ स्वतः बसून वाचा, चहा घेऊन, एक तास काढून, प्रत्येक ओळ, कारण तुम्ही त्या घरात जाऊन आलेले असता आणि सॉलिसिटरनं ते घर बघितलेलंच नसतं.

आम्ही वाचला म्हणून सापडलं. किचनच्या मागे २०११ साली वाढवलेली खोली होती. फॉर्मवर विक्रेत्यानं खोली वाढवल्याचं लिहिलं होतं, पण बिल्डिंग रेग्युलेशनचं कम्प्लीशन सर्टिफिकेट 'नंतर देतो'. काउन्सिलच्या सर्चमध्येही त्याची नोंद नाही. हा काउन्सिल सर्च, म्हणजे घराबद्दल काउन्सिलकडच्या नोंदी तपासणं, एलएलसी१ आणि कॉन२९ या दोन फॉर्मांनी होतो, आणि कॉन२९ चे प्रश्नसुद्धा लॉ सोसायटीचेच आहेत हे मला आधी माहीत नव्हतं. लोकल काउन्सिलांच्या संघटनेशी बसून हे प्रश्न ठरवलेत, रस्ता काउन्सिलनं ताब्यात घेतलाय का, कुठली नोटीस आहे का, रस्तारुंदी येणार का. त्यामुळे कॉर्नवॉलपासून न्यूकॅसलपर्यंत कुठलीही काउन्सिल असो, प्रश्न तेच आणि त्याच क्रमानं. पाणी आणि ड्रेनेजसाठी कॉन२९डीडब्ल्यू, जुन्या कोळसा खाणींसाठी कॉन२९एम. आपल्याकडे एका नगरपालिकेत एक दाखला आणि दुसरीत वेगळाच, हे ज्यांनी सोसलंय त्यांना याची किंमत लगेच कळेल. एका वकील-संघटनेनं सरकारी खात्यांशी बसून प्रश्नपत्रिका ठरवून टाकली आणि देशभर तीच चालते, हे मला फार मोठं काम वाटतं.

पण सर्टिफिकेट नाही हे कळल्यावर पुढे काय, तिथे मात्र आमचे सहा आठवडे गेले. सर्व्हेअरनं रिपोर्टात लिहिलं, खोलीच्या परवानग्यांबद्दल आपल्या कायदा सल्लागाराला विचारा. सॉलिसिटर म्हणाली, खोली मजबूत आहे का हे मी सांगू शकत नाही, सर्व्हेअरला विचारा. मी दोघांनाही दोन-दोनदा विचारलं. विक्रेत्याची फर्म म्हणे आम्ही इन्डेम्निटी इन्शुरन्स काढून देतो, म्हणजे काउन्सिलनं कधी कारवाई केली तर खर्च विमा कंपनी देईल. पण त्या विम्याची अट अशी की काउन्सिलला विचारायचंच नाही, विचारलं की विमा बाद. आणि विमा काही भिंत धरून ठेवणार नाही, छत गळलं तर विमा कंपनीचा संबंध नाही. मी हट्टानं सर्व्हेअरला पुन्हा पाठवलं, जादा पैसे देऊन, त्यानं बीम आणि पाया बघून लेखी दिलं की ठीक आहे, आणि मग विमा घेतला, बँकेला कळवलं, बँकेनं मान्य केलं. दोन्ही माणसं आपापल्या कामात चांगली होती. फक्त या दोन व्यवसायांच्या मधल्या जागेत कोणाचा शब्द शेवटचा, हे मला कुठल्याही फॉर्मवर छापलेलं दिसलं नाही.

आणि इथेच मला या सगळ्याचं सूत्र कळलं. लॉ सोसायटीनं ज्या खात्याशी, ज्या व्यवसायाशी बसून कागद ठरवून ठेवलाय तिथे गाडी सरळ जाते. जिथे ठरवलेलं नाही तिथे आपण, घर घेणारे, दोन टेबलांच्या मधे उभे राहतो आणि निरोप पोचवायचं काम आपल्याकडे येतं.

बँकांच्या बाबतीत कागद आहे. यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेचं लेंडर्स हँडबुक, पहिला भाग सगळ्या बँकांना सारखा, दुसऱ्यात प्रत्येक बँकेच्या खास अटी. ऑनलाइन कोणालाही वाचता येतं, वाचा. त्यातूनच मला कळलं की आईबाबांनी दिलेले पैसे सॉलिसिटरला बँकेला कळवावेच लागतात. बाबांनी एफडी मोडून आम्हाला काही रक्कम दिली होती. गिफ्ट लेटर हवं म्हणलं तर बाबांना वाईट वाटलं, "अगं, मुलीला दिलेल्या पैशाची चिठ्ठी कसली लिहून घेतात?" मी समजावलं की बाबा, बँकेला भीती असते की उद्या तुम्ही घरात हिस्सा मागाल. ते म्हणाले, "मी मागेन का?" आणि सही केली. तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून होते.

पैसा कुठून आला हा आपल्या लोकांसाठी सगळ्यात मोठा भाग आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. २०१७ च्या मनी लॉन्डरिंगच्या नियमांखाली सॉलिसिटरला पैशाचा माग काढावाच लागतो, आणि तो कसा काढायचा याची मार्गदर्शिका लॉ सोसायटी आणि बाकी कायदा-संस्थांनी मिळून लिहिली आहे, त्याला सरकारच्या ट्रेझरीची मान्यता असते. त्यात फर्मनं आपल्या अंदाजानं जोखीम ठरवायची असते, त्यामुळे एक फर्म तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागते, दुसरी बारा महिन्यांचं. आमचा बराचसा पैसा नवऱ्याचा पुण्याचा फ्लॅट विकून आला होता. खरेदीखत इंग्रजीत होतं पण इंडेक्स टू मराठीत, ते सर्टिफाइड ट्रान्सलेशन करून द्यावं लागलं. एनआरआय विक्रेता म्हणून कापलेला टीडीएस, एनआरओ खात्यातून पैसे बाहेर काढायला पुण्याच्या सीएनं सही केलेला १५सीबी, मग १५सीए, म्हणजे पैसे परदेशी पाठवतानाचे टॅक्सचे फॉर्म, हे सगळं आमच्या सॉलिसिटरनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. तिची चूक नाही, कुठल्याच मार्गदर्शिकेत इंडेक्स टू काय असतं हे लिहिलेलं नसणार. मी एक पानाची टिपण करून दिली, कुठला कागद कोण देतं, त्यावर कोणाचा शिक्का असतो, तारीख कुठे असते, रक्कम कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात गेली. त्यानंतर तिनं एकही प्रश्न परत विचारला नाही. तुम्हीही असं पान करा, ऑफर टाकायच्या आधीच करा.

ओळख पटवणं हाही असाच प्रकार. लँड रजिस्ट्रीनं २०२१ मध्ये डिजिटल ओळखीची एक पद्धत ठरवून दिली, अॅपवर पासपोर्टची चिप वाचायची आणि सेल्फी काढायचा. आमच्या भारतीय पासपोर्टमध्ये चिपच नाही, जुने आहेत, चिपवाले ई-पासपोर्ट आपल्याकडे आत्ता आत्ता सुरू झालेत. पहिल्या फर्मचं अॅप आम्हाला सतत नाकारत होतं आणि तिथल्या कोणाला कारण सांगता आलं नाही. दुसरीनं सरळ ऑफिसात बोलावलं, पासपोर्ट हातात घेऊन बघितला, कॉपीवर सही केली, दहा मिनिटं. मूळ भारतीय पासपोर्टवर घर घेणाऱ्या प्रत्येकानं फर्म निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

आणि टॅक्स. हे वाचून एका कुटुंबाचे जरी पैसे वाचले तरी मला बरं वाटेल. एजंट पहिल्या दिवसापासून आम्हाला फर्स्ट टाइम बायर म्हणत होता, कारण इंग्लंडमध्ये आमचं पहिलंच घर. पण एचएमआरसीच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या हिशोबात पहिलं घर म्हणजे जगातलं पहिलं घर. पुण्यात, सांगलीत, कुठेही तुमच्या नावावर राहतं घर असेल किंवा कधीकाळी होतं, विकत घेतलेलं असो, बक्षीसपत्रानं मिळालेलं असो किंवा वारशानं, फर्स्ट टाइमची सवलत गेली, आणि दोघं मिळून घेत असाल तर एकाचं असलं तरी गेली. त्याहून मोठं म्हणजे, घर घेतलं त्या दिवशी नवराबायकोपैकी कोणाच्याही नावावर जगात दुसरं घर असेल आणि त्याची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल, तर ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून सगळ्या किमतीवर ५ टक्के जादा. राहतं घर बदलणाऱ्यांना आणि नुकत्याच वारशानं आलेल्या छोट्या हिश्शाला काही सूट आहे, ती सॉलिसिटरला विचारा. आमचं घर ४ लाख ३५ हजारांचं. फर्स्ट टाइम धरलं असतं तर स्टॅम्प ड्युटी ६,७५० पौंड, नेहमीच्या दरानं ११,७५०, आणि पुण्याचा फ्लॅट तेव्हा नावावर असता तर ३३,५००. आम्ही फ्लॅट आधीच विकला होता, हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे दस्त होऊन दोन महिने झाले होते, म्हणून ११,७५० वर भागलं. हे कळलं ते दुसऱ्या सॉलिसिटरच्या प्रश्नावलीत, 'जगात कुठेही' असे शब्द ठळक छापलेले होते. पहिल्या फर्मच्या फॉर्मवर फक्त 'तुमचं दुसरं घर आहे का' एवढंच होतं, आणि आम्ही 'नाही' लिहून मोकळे झालो होतो, आणि फर्स्ट टाइमच्या चौकटीत टिकही केली होती. टॅक्सचा रिटर्न चौदा दिवसांत सॉलिसिटर भरतो, पण शेवटी जबाबदारी आपली असते. बऱ्याच फर्मा पत्रातच लिहितात की आम्ही टॅक्सचा सल्ला देत नाही. या जागी लॉ सोसायटीनं टीए६ सारखाच एक ठरीव प्रश्नपत्रक घेणाऱ्यांसाठी काढावं असं मला मनापासून वाटतं, कारण विक्रेत्याला सत्तर गोष्टी विचारतात आणि घेणाऱ्याला प्रत्येक फर्म आपल्या मनानं विचारते.

एक्स्चेंजचा, म्हणजे करार पक्का होण्याचा दिवस मला कायम लक्षात राहील. आपल्याकडे इसार दिला, इसारपावती झाली की दोन्ही बाजूंना काहीतरी बांधलेपण येतं. इथे ऑफर मान्य झाल्यावरही एक्स्चेंज होईपर्यंत दोन्हीपैकी कोणीही पाठ फिरवू शकतं, काही कारण न देता, आणि तोवर सर्व्हे, सर्च, वकील सगळ्यांवर आपला खर्च झालेला असतो. व्यवहार पक्का होतो तो एक्स्चेंजला, आणि तो होतो फोनवर. दोन सॉलिसिटर फोनवर बोलतात, आपापल्या क्लायंटनं सही केलेली प्रत आपल्या टेबलावर आहे असं एकमेकांना सांगतात, तारीख, किंमत, दहा टक्के डिपॉझिट, कम्प्लीशनची, म्हणजे घराचा ताबा मिळण्याची तारीख वाचून दाखवतात, वेळ लिहून ठेवतात, आणि त्या मिनिटाला दोन्ही बाजू करारानं बांधल्या जातात. याला लॉ सोसायटी फॉर्म्युला बी म्हणतात. १९८० मध्ये कोर्टानं फोनवरचा एक्स्चेंज वैध ठरवल्यानंतर सोसायटीनं हे ठरीव शब्द बनवले. एका सॉलिसिटरनं दुसऱ्याला दिलेला शब्द, त्याला अंडरटेकिंग म्हणतात, मोडला तर त्याच्या लायसन्सवर येतं, म्हणून त्या शब्दावर लाखो पौंड हलतात. आमच्या सॉलिसिटरनं ३ वाजून ४२ मिनिटांनी फोन करून सांगितलं, मी ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

सगळंच यांना जमतं असं नाही. घरव्यवहाराचे सगळे कागद एका ऑनलाइन पोर्टलवर आणायचा मोठा प्रयत्न लॉ सोसायटीनं केला होता, व्हेयो नाव, आणि भागीदार कोण तर आपल्या मुंबईची मास्टेक. २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्याच डिसेंबरात गुंडाळलं. दहा वर्षांनंतर मी विक्रेत्याच्या फर्मकडून आलेलं स्कॅन केलेलं वाकडं पान ईमेलमध्ये झूम करून वाचत होते तेव्हा त्या व्हेयोचं फार वाईट वाटलं.

दुसरं प्रकरण टीए६ चंच. मार्च २०२४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, ट्रेडिंग स्टँडर्ड्सनं, म्हणजे ग्राहकांची बाजू बघणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, इस्टेट एजंटांना जाहिरातीत घाला म्हणून सांगितलेली माहिती, काउन्सिल टॅक्सपासून, या फॉर्मात आणली. सॉलिसिटर लोक भडकले, एजंटाचं काम आमच्या गळ्यात आणि चुकीच्या उत्तराची जोखीम विक्रेत्याच्या गळ्यात, असं त्यांचं म्हणणं. सक्तीची तारीख पुढे ढकलली, विशेष सभा झाली, नेतृत्वावर अविश्वासाचा ठराव आला आणि पडला. आमच्या व्यवहारात विक्रेत्याच्या फर्मनं जुनीच आवृत्ती वापरली. मला घेणारी म्हणून विचाराल तर माहिती आधी मिळावी, ऑफर टाकायच्या आधी, हेच बरोबर आहे. सरकारनं २००७ मध्ये होम इन्फर्मेशन पॅक आणलं होतं, घर बाजारात आणतानाच कागदांचा संच तयार, लॉ सोसायटी तेव्हाही विरोधात होती आणि २०१० मध्ये ते बंद झालं. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं पुन्हा तोच विषय लोकांपुढे मांडला, माहिती आधी आणि करार लवकर बांधील. यावेळी सोसायटीनं विरोध न करता फॉर्म स्वतः पुढे घेऊन यावा. आमची ती किचनची खोली ऑफरच्या आधी कळली असती तर उन्हाळा वाया गेला नसता.

सरकारशी भांडायचं असतं तिथे मात्र ही संस्था भांडते, हेही लिहिलं पाहिजे. फौजदारी लीगल एडच्या फीसाठी सरकारनंच नेमलेल्या परीक्षणानं किमान १५ टक्के वाढ सुचवली होती, सरकारनं सॉलिसिटरना तेवढी दिली नाही, तर लॉ सोसायटी थेट हायकोर्टात गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये जिंकली. माझ्या घराशी याचा संबंध नाही, पण पोलिस स्टेशनात रात्री दोन वाजता अडकलेल्या पोरासाठी फुकट सॉलिसिटर येतो तो या पैशावर येतो.

किल्ल्या मिळाल्यावरही काम संपत नाही. सॉलिसिटर टॅक्स भरून लँड रजिस्ट्रीकडे एपी१ हा नोंदणीचा अर्ज पाठवतो आणि मग नोंद व्हायला वेळ लागतो, घाबरू नका, सॉलिसिटरनं आधी लँड रजिस्ट्रीत केलेल्या सर्चची ३० कामाच्या दिवसांची प्राथमिकता असते आणि त्या मुदतीत अर्ज गेला की तुमची जागा सुरक्षित. लँड रजिस्ट्रीचा प्रॉपर्टी अलर्ट फुकट आहे, ते लावून टाका, तुमच्या घराच्या रजिस्टरला कोणी हात लावला की ईमेल येतो. घर भाड्यानं देऊन भारतात परत जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

नोंद झाल्यावर रजिस्टर आणि प्लॅन बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, ७-७ पौंडांचे दोन कागद. त्यांनी सातबारा वाचावा तसा वाचला आणि फोन केला, "क्षेत्र कुठे लिहिलंय? आणि चतुःसीमा?" मी सांगितलं, बाबा इथे क्षेत्र लिहीत नाहीत, आणि नकाशावरची लाल रेघ सुद्धा ढोबळ हद्द असते, इंचाची नाही. त्यांना ते अजिबात पटलं नाही. मग मी टीए६ चा पहिला प्रश्न काढला, रस्त्यावरून घराकडे बघत उभं राहिलं तर डावीकडची हद्द कोणाची, उजवीकडची कोणाची, मागची कोणाची, विक्रेत्यानं एकेक खूण केलेली, ते त्यांना वाचून दाखवलं. डावीकडे 'सामाईक' होतं.

"हां, मग ही झाली चतुःसीमा," बाबा म्हणाले, "हा कागद जपून ठेव. आणि डावीकडच्या माणसाशी ओळख करून घे, कुंपण दोघांचं आहे."